नागसेनवनाचा प्रश्न : वंचितांनी उभारलेली महाविद्यालयं आज कशासाठी?



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : अमेरिकेतली ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयं आणि आजचं उच्च शिक्षण. पत्रिका वाचून आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "सर, अहमदपूरला बसून अमेरिकेतल्या कॉलेजांचं आपल्याला काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही विषय थोडा वळवून घेतला. संयोजकांची परवानगी आहे. अमेरिकेला आपण जाऊ, पण औरंगाबादमार्गे जाऊ. कारण आमच्या मते या विषयाचं खरं दार आपल्या मराठवाड्यातच आहे. ते आहे नागसेनवन, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाचा परिसर. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. आम्ही जुन्या काळाबद्दल बोलताना जुनं नाव घेऊ, तेवढं समजून घ्या.

प्रश्न साधा आहे. ज्यांना शतकानुशतकं विद्येपासून लांब ठेवलं, त्यांनी स्वतःसाठी महाविद्यालयं काढली. पुढे सगळ्यांची दारं कायद्याने सगळ्यांना उघडली. मग आता त्या महाविद्यालयांची गरज उरली का? अमेरिकेत हा प्रश्न १९५४ पासून विचारला जातो. आपल्याकडे तो कोणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात असतो. आज तो मोठ्याने विचारू.

आधी थोडा मागचा इतिहास

दोन प्रकारच्या संस्था असतात. एक वंचितांसाठी काढलेली आणि दुसरी वंचितांनी काढलेली. दोन्ही मोलाच्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

महाराष्ट्रात पहिल्या प्रकारची परंपरा मोठी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची लेकरं एका पंगतीत बसली. हे ऋण विसरून चालणार नाही.

दुसऱ्या प्रकारची परंपरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुजवली. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांतलं एक म्हणजे सोलापूरचं वसतिगृह. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ ला, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. दिवसा कचेरीत, गिरणीत राबणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. ज्याच्या घरात पोट भरल्याशिवाय पुस्तक येत नाही, त्याचं वेळापत्रक समोर ठेवून कॉलेजचं वेळापत्रक केलं गेलं. वाचताना ही गोष्ट लहान वाटते, पण आमच्या मते क्रांती अशाच ठिकाणी सुरू होते.

अमेरिकेतही हेच दोन प्रकार दिसतात. गुलामगिरी असतानाच, १८३७ मध्ये, पेन्सिल्व्हेनियात फिलाडेल्फिया इथे कृष्णवर्णीयांसाठी एक संस्था निघाली. यादवी युद्धानंतर फिस्क, हॉवर्ड, मोअरहाउस अशी महाविद्यालयं निघाली. त्यांतली पुष्कळशी गोऱ्या मिशनऱ्यांनी आणि दानशूरांनी काढली होती. पण ओहायोतलं विल्बरफोर्स १८६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्याच एका चर्चने विकत घेतलं आणि स्वतः चालवलं. पुढे १८९० मध्ये एक कायदा झाला. सरकारी मदत हवी असेल तर राज्यांनी कृष्णवर्णीयांना आपल्या कॉलेजात घ्यावं, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढावं, असा त्याचा आशय होता. दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरी वाट धरली. म्हणजे काही कॉलेजं आत्मसन्मानापोटी निघाली आणि काही दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी निघाली. गंमत अशी की पुढे या दोन्ही प्रकारच्या कॉलेजांतून लढवय्ये बाहेर पडले.

बाबासाहेबांना हे जग ठाऊक होतं. १९१३ ला ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत होते आणि त्या निवेदनाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर उत्तरही दिलं. तारखा बघा. त्याच जूनमध्ये सिद्धार्थ सुरू झालं होतं. हे डुबॉइस स्वतः फिस्कचे विद्यार्थी. उत्तरेतल्या गोऱ्यांच्या गावात वाढलेला हा मुलगा फिस्कला आला तेव्हा पहिल्यांदाच त्याने आपल्यासारखी शेकडो शिकणारी माणसं एका जागी पाहिली. हार्वर्डची डॉक्टरेट त्यांना नंतर, १८९५ ला मिळाली. पण आपण कोण आहोत हे त्यांना फिस्कमध्ये कळलं.

१९५० चा मराठवाडा

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. त्या वेळचा आपला भाग डोळ्यांपुढे आणा. अहमदपूर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता, १९५६ पर्यंत. कोणाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. म्हणजे मराठी बोलणाऱ्या पोराला एक भिंत पैशाची, एक अंतराची आणि एक भाषेची. आणि ते पोर महारवाड्यातलं किंवा मांगवाड्यातलं असेल तर चौथी भिंत आधीच होती. ती गावातच, शाळेच्या ओट्यावर सुरू व्हायची.

अशा वेळी, १९५० च्या जूनमध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, तेही नोंदवून ठेवू. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली. मुंबई होती, दिल्ली होती, बाबासाहेबांच्या मागे कामाचा डोंगर होता. तरी ते औरंगाबादला यायचे, राहायचे आणि बांधकामात जातीने लक्ष घालायचे. मराठवाडा विद्यापीठ यायला अजून आठ वर्षं होती. ते १९५८ ला आलं. तोवर मिलिंदही उस्मानियालाच जोडलेलं होतं.

इथे एक मुद्दा लक्षात घ्या. वंचितांना धंदेशिक्षण द्या, हाताला काम द्या, एवढं पुरे, असं म्हणणारे तेव्हाही होते. अमेरिकेतही हा वाद पेटला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीला उद्योगशिक्षणाचा मोठा प्रयोग केला. डुबॉइस म्हणत होते की उच्च शिक्षणाशिवाय समाजाला नेतृत्व मिळणार नाही. बाबासाहेबांचा कल स्पष्ट होता. प्राथमिक शाळा हव्यातच, पण जिथे निर्णय होतात त्या खुर्च्यांपर्यंत आपली माणसं पोचल्याशिवाय खालचं काही टिकत नाही. म्हणून त्यांनी इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान, कायदा शिकवणारी महाविद्यालयं काढली. आजही आपल्या भागात गरिबाच्या मुलाला मायेनेच सल्ला दिला जातो : "आयटीआय कर, पोटापाण्याला लाग." आयटीआय वाईट नाही. पण तो सल्ला कोणाच्या मुलाला दिला जातो आणि कोणाच्या मुलाला दिला जात नाही, ते बघत चला.

मिलिंद हे नाव

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे नावापाशी थोडं थांबू द्या. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाशी त्याचा झालेला संवाद पाली भाषेतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू उत्तरं देतो. शेवटी राजाला नागसेनाचं म्हणणं पटतं आणि तो तसं कबूल करतो. कॉलेजला मिलिंद हे नाव आणि परिसराला नागसेनवन, या दोन्ही नावांमागे हा संवाद आहे. आपली चूक कबूल करण्याचा बौद्धिक प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांत यावा, ही त्यामागची भूमिका.

त्या ग्रंथात एक प्रसंग आहे. राजा म्हणतो, चला, चर्चा करू. नागसेन विचारतो, चर्चा पंडितासारखी करणार की राजासारखी? राजा विचारतो, यात फरक काय? नागसेन सांगतो की पंडितांच्या चर्चेत कोणी चूक दाखवली तर ती मान्य होते, कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र राजा एक बाजू मांडतो आणि जो विरोध करतो त्याला शिक्षा होते. मिलिंद म्हणतो, मी पंडितासारखी चर्चा करीन.

आम्हाला वाटतं, या कॉलेजचा सगळा अर्थ या एका प्रसंगात आहे. जातीच्या समाजात आपण पिढ्यान्‌पिढ्या राजासारखी चर्चा करत आलो. पाटलाच्या वाड्यात, पारावर, शाळेतसुद्धा, बोलायचं कोणी आणि ऐकायचं कोणी हे आधीच ठरलेलं. नागसेनवनात बलवानाला आपलं राजेपण बाहेर ठेवून आत यावं लागत होतं. आणि दुबळ्याला पहिल्यांदा बोलता येत होतं.

एक आठवण, आमच्या लाजेची

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक अनुभव सांगतो. आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एम.ए.साठी औरंगाबादला गेलो. एसटीने दिवसभराचा प्रवास, डोक्यावर ट्रंक, ट्रंकेत भाकरीचं गाठोडं. विद्यापीठापासून नागसेनवन पायी जाण्याइतकं जवळ. तिथे एका व्याख्यानाला गेलो. व्याख्यान संपल्यावर ओळख झालेला एक विद्यार्थी आम्हाला वसतिगृहावर घेऊन गेला. त्याने मडक्यातून पाणी काढलं आणि तांब्या पुढे केला.

आमचा हात थबकला.

एखादा क्षणच. आम्ही तेव्हा कांट वाचत होतो, समतेवर निबंध लिहीत होतो, सभांतून बोलत होतो. पण हात गावचा होता. त्या मुलाने ते पाहिलं. तो काही बोलला नाही, तांब्या तसाच धरून उभा राहिला. मग आम्ही पाणी प्यालो. नंतर तो इतकंच म्हणाला, "इथं तुम्ही पाहुणे आहात."

पुढे कितीतरी वर्षं आम्ही या वाक्याचा विचार करत राहिलो. आमच्या गावात तो आमच्या अंगणापर्यंत आला असता. सरकारी कॉलेजात आम्ही दोघं एका बाकावर बसलो असतो, पण ते बाक कोणाचं, हे दोघांनाही न बोलता ठाऊक असतं. नागसेनवनात तो घरधनी होता आणि आम्ही पाहुणे. समान संधी म्हणजे दाराच्या आत येऊ देणं. पण ज्याला रोज दुसऱ्याच्याच दारातून आत यावं लागतं, त्याला घर म्हणजे काय ते कळत नाही. ज्याचं स्वतःचं एक घर आहे तो दुसऱ्याच्या घरी ताठ मानेने जातो.

आणि हेही सांगायला हवं की मिलिंद कधीच एका जातीचं कॉलेज नव्हतं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं होती आणि सगळ्या समाजांतले प्राध्यापक होते. अमेरिकेतल्या त्या महाविद्यालयांतही आज साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नसलेले आहेत. दार बंद करणं हा या संस्थांचा स्वभाव नव्हे. प्रश्न इतकाच होता की यजमान कोण.

या घरातून काय निघालं?

घर मिळालं की माणूस बोलायला लागतो. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून, फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य त्यांनी जवळून पाहिलं होतं. नागसेनवनात त्यांनी तो विषय मुलांपुढे ठेवला : ते लोक आपल्या वेदनेचं साहित्य करतात, आपण का नाही? १९६७ च्या सुमारास तिथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. पुढे त्याचं 'अस्मितादर्श' झालं आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशकं चालवलं. दलित साहित्य हा शब्द आज जगभर जातो. त्याच्या प्रवासातलं एक मोठं स्थानक आपल्या मराठवाड्यातलं एक कॉलेज आहे.

आपल्या लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचं पुस्तक मराठी वाचकाला त्या जगाची ओळख करून देणारं. पुढे तेच नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणून आमच्या सहकाऱ्याला आमचं उत्तर : अहमदपूर आणि अमेरिका यांच्यामधली ही वाट आम्ही आज काढलेली नाही. ती आधीच पडलेली आहे.

आणखी एक उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला एक मुलगा मिलिंदमध्ये बी.ए. झाला आणि अर्थशास्त्रज्ञ झाला. ते डॉ. सुखदेव थोरात, २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भेदभावाची वागणूक मिळते का, हे तपासायला सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष थोरातच होते. २००७ च्या त्या अहवालात भेदभावाच्या तक्रारींना दुजोरा मिळाला. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. देशातली पहिल्या क्रमांकाची संस्था, दार सगळ्यांना कायद्याने उघडं, आणि आत गेल्यावर जेवणाचं टेबल, वसतिगृहाची खोली, परीक्षेचे गुण, सगळीकडे जात उभी. आणि ते तपासायला गेलेला माणूस कुठला, तर मिलिंदचा.

अमेरिकेतही असंच घडलं. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. तो खटला लढवणारे थर्गुड मार्शल हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोमध्ये गोऱ्यांच्या खाणावळीत जाऊन बसणारी चार पोरं तिथल्याच एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाची. मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाउसचे. सगळ्यांची दारं उघडण्याचं काम ज्यांनी केलं, ते आपापल्या वेगळ्या घरात वाढलेले होते. मग दारं उघडली म्हणून ती घरं पाडून टाका, असं म्हणायचं का? आज अमेरिकेत अशी सुमारे शंभर महाविद्यालयं आहेत. एकूण संस्थांच्या मानाने मूठभर. पण कृष्णवर्णीय डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश घडवण्यात त्यांचा वाटा त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा आहे. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. त्यानंतर या महाविद्यालयांकडे नव्याने लक्ष गेलं.

१९७८ आणि आम्ही

आता अवघड भाग. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर आपल्या मराठवाड्यात काय झालं ते इथल्या वयस्कर मंडळींनी पाहिलं आहे. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नामांतरासाठी पुढे सोळा वर्षं लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडचं विद्यापीठ स्थापन झालं.

त्या १९७८ मध्ये आम्ही एका कॉलेजात तरुण प्राध्यापक होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. तेव्हा तिथे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचायची पद्धत होती. 'जीओआयवाले उभे राहा' असं म्हणायचं. अंगावर धड कपडा नसलेली मुलं सगळ्या वर्गासमोर उभी राहायची. मागून कोणीतरी हसायचं. ती यादी आम्हीही वाचली आहे. कोणी सांगितलं म्हणून वाचली आणि काही वाटलं नाही म्हणून वाचत राहिलो. त्या ऑगस्टमध्ये वर्गातली सात-आठ नावं हजेरीला येईनाशी झाली. आम्ही फळ्यावर लिहिलं होतं की माणसाला केवळ साधन मानू नये. हजेरीत गैरहजेरी मांडली आणि तास घेतला. कोणाच्या घरी जाऊन विचारलं नाही.

हे आज का सांगायचं? कारण वेगळ्या संस्था कशाला, हा प्रश्न आमच्यासारखी माणसं विचारतात. विचारण्याआधी आपल्या संस्था कशा होत्या ते बघायला हवं. ज्या वर्गात उभं राहायला लावून शिष्यवृत्ती दिली जाते, तो वर्ग कायद्याने सगळ्यांचा असतो, पण सगळ्यांचा नसतो.

आजचा हिशेब

मग सगळं छान आहे का? तसं नाही. घर आपलं असलं तरी गळकं छप्पर गळकंच राहतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभाराचे वाद न्यायालयात रेंगाळले. राज्यभर रिक्त जागा आहेत, प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर मिळते. अमेरिकेतही या महाविद्यालयांची रडकथा पैशाचीच आहे. राज्य सरकारांनी वर्षानुवर्षं हात आखडता घेतला, आणि २०२० मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांच्यासारख्या धनिकेने मोठ्या देणग्या दिल्या तेव्हा काहींना श्वास घेता आला. स्वाभिमान हा पगाराला पर्याय नव्हे. ज्यांना या संस्थांचा अभिमान वाटतो त्यांनी जयंतीच्या दिवशी हार घालावा आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचा हिशेब मागावा.

दुसरा प्रश्न आतला. वंचितांतही सगळ्यांना हे घर सारखंच मिळालं का? मातंग, भटके, या सगळ्यांतल्या मुली किती पोचल्या? १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, त्यावर आता मतं दोन्ही बाजूंनी आहेत. आम्ही निवाडा देत नाही. पण हा प्रश्न नागसेनाच्या पद्धतीने विचारायला हवा, राजाच्या नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची. आपल्या भागाने देशाला लातूर पॅटर्न दिला. मेहनत, सराव, गुण. त्याने शेतकऱ्यांची हजारो मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. आज अहमदपूरचं मूल दहावी झालं की लातूरला खोली करून राहतं. आई-वडील शेत गहाण टाकतात. पण त्या खोलीत ते मूल एकटं असतं. त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका असते, प्रश्न नसतो. मिलिंदने मुलाला विचारलं होतं, तू कोण, तुझा समाज कोण, तू कोणाचं देणं लागतोस? क्लास विचारतो, तुझा रँक किती? दोन्ही प्रश्न लागतात. आज दुसराच उरला आहे, आणि ज्याच्याकडे फी नाही त्याला तोही विचारला जात नाही.

शेवटचं

'मिलिंदपञ्ह'मध्ये रथाचा दाखला आहे. रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? एकेक काढून दाखवलं तर रथ कुठेच सापडत नाही. महाविद्यालयाचंही तसंच आहे. इमारत म्हणजे कॉलेज नव्हे, मान्यता म्हणजे नव्हे, निकालाची टक्केवारी म्हणजेही नव्हे. या सगळ्यांचं नातं जुळून येतं आणि त्यातून कोणीतरी ताठ मानेने बाहेर पडतं, तेव्हा त्याला कॉलेज म्हणायचं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं : ज्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजात कोणतंही लेकरू यजमानासारखं वावरेल, त्या दिवशी नागसेनवनाचं वेगळेपण संपेल. आनंदाने संपेल. तो दिवस आलेला नाही. तोवर अशी घरं टिकली पाहिजेत, नीट चालली पाहिजेत, आणि आमच्यासारख्यांनी तिथे अधूनमधून पाहुणा म्हणून जायला पाहिजे.

समोर तरुण प्राध्यापक बसले आहेत, त्यांना एकच विनंती. उद्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी आली तर ती मोठ्याने वाचू नका. आणि हजेरीत सात-आठ नावं एकदम गळाली तर तास घ्या, पण संध्याकाळी त्यांच्या घरी जा. आम्ही गेलो नव्हतो.

आता प्रश्न विचारा. पंडितासारखे विचारा, आमची चूक दाखवली तर आम्ही रागावणार नाही.